नक्षी फुकट, पण कुणाची?

कापडाचा वीतभर तुकडाही विकत न घेता त्याचा कुर्ता कसा दिसेल, हे पाहण्याची सोय आता घरातल्या संगणकावर झाली आहे. कुर्त्याचे साधे रेखाचित्र पडद्यावर घ्यायचे, त्यावर हवी ती नक्षी पसरायची, पटली नाही तर पुसून दुसरी पसरायची. एके काळी हे काम मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांच्या डिझाइन खात्यात बसणारे चित्रकार करीत. कागदावर हाताने रंग भरून एक नक्षी बसवायला दिवसच्या दिवस जात. आज शिवणक्लास चालवणारी एखादी गृहिणी किंवा फॅशन डिझाइनच्या पहिल्या वर्षातली मुलगी तेच काम दुपारच्या दोन तासांत उरकते. आणि त्यासाठी लागणाऱ्या हजारो नक्ष्या इंटरनेटवर चक्क फुकट मिळतात.

फुकट म्हटले की हात पुढे होतोच. पण उतरवून घेतलेली नक्षी कापडावर छापायची वेळ आली की एकेक अडचण पुढे येते. कधी छपाई धूसर येते, कधी दर आठ इंचांवर एक उभी रेघ दिसू लागते, तर कधी कपडे विकायला ठेवल्यावर कुणीतरी येऊन ‘ही नक्षी आमची आहे’ असे सांगतो. पहिल्या दोन अडचणी तांत्रिक आहेत आणि थोड्या सरावाने सुटतात. तिसरी मात्र अशी सहज सुटणारी नाही.

पैसे न मोजता मिळणारी साधने

चित्रांवर काम करण्याचे सर्वांत प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे फोटोशॉप. थॉमस आणि जॉन नॉल या अमेरिकी भावांनी ते तयार केले आणि १९९० साली ते बाजारात आले. २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या भाडेपट्टीने, म्हणजे नियमित पैसे भरूनच वापराव्या लागतात. घरगुती शिवणकाम करणाऱ्याला हा खर्च जड वाटणे साहजिक आहे. त्याला ‘गिंप’ हा चांगला पर्याय आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहिले आणि १९९६ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते तेव्हाही मोफत होते आणि आजही आहे. ‘क्रिटा’ हे असेच आणखी एक मोफत सॉफ्टवेअर. हाताने चित्र काढणाऱ्यांना ते अधिक आवडते, कारण त्यात ‘डब्ल्यू’ची कळ दाबली की काढत असलेले फूल चारी बाजूंना आपोआप पसरलेले दिसू लागते. कापडावर ते कसे दिसेल, याचा अंदाज फूल पुरे होण्याआधीच येतो.

या सॉफ्टवेअरमध्ये नक्षी वापरण्याची रीत एकच आहे. नक्षीचा एक चौकोनी तुकडा असतो. संगणक तो फरशीसारखा शेजारी शेजारी बसवत जातो. हवे तेवढे कापड या एका फरशीतून तयार होते. म्हणून उतरवून घ्यायची असते ती संपूर्ण कापडाची प्रतिमा नव्हे, तर ही एक फरशी.

ठशाची जुनीच युक्ती

ज्यांनी सांगानेर, बगरू किंवा कच्छमध्ये ठशांची छपाई पाहिली असेल, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. लाकडी ठशाची डावी कड उजव्या कडेशी आणि वरची कड खालच्या कडेशी जुळावी लागते. नाही तर वेल मध्येच तुटते. ठशाच्या कोपऱ्यात बारीक ठिपके ठेवलेले असतात. पुढचा ठसा उमटवताना छपाई करणारा त्या ठिपक्यांवर नजर ठेवतो आणि जोड कुठे आला हे गिऱ्हाइकाला कळतही नाही. गांधीनगरजवळच्या पेथापूर गावात असे ठसे कोरणाऱ्यांची परंपराच आहे. त्यांच्या डोळ्यांना जे एका नजरेत दिसते, ते संगणकावर तपासायची एक सोपी युक्ती आहे.

नक्षीचा तुकडा उघडायचा आणि ‘ऑफसेट’ ही आज्ञा देऊन तो निम्म्याने आडवा व निम्म्याने उभा सरकवायचा. आतापर्यंत कडेला असलेले जोड आता चित्राच्या मधोमध अधिक चिन्हासारखे येऊन उभे राहतात. तिथे रेघ दिसली, रंग तुटला, पान अर्धे कापले गेले, तर ती नक्षी छपाईच्या कामाची नाही. अर्थात तीच जागा ब्रशने किंवा शेजारचा भाग वर चिकटवून दुरुस्त करता येते आणि पुष्कळदा पंधरा-वीस मिनिटांत काम भागते. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या नक्ष्यांमध्ये ही परीक्षा नापास होणाऱ्या कितीतरी असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी बनवलेल्या नक्ष्यांचा अलीकडे जो पूर आला आहे, त्यात तर दुरून अजरख वाटावी आणि जवळून पाहिल्यावर एकही चांदणी दुसरीसारखी नसावी, असे प्रकार सर्रास दिसतात.

जोड जुळला तरी आणखी एक दोष उरतो. एकच फरशी सरळ रांगेत लावत गेले की डोळ्यांना ओळी दिसू लागतात आणि कापड चौकटीच्या वहीसारखे दिसते. गिरण्यांच्या चित्रकारांनी यावर केव्हाच तोड काढली होती. दुसरी उभी रांग निम्म्याने खाली सरकवायची, भिंतीतल्या विटा एकमेकींच्या सांध्यावर येऊ नयेत म्हणून गवंडी सरकवतो तशी. ओळ मोडली की नक्षी मोकळी वाटते.

किती मोठी, किती बारीक

पडद्यावर सुरेख दिसणारी नक्षी कापडावर धूसर का येते, हा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. त्याचे उत्तर गणितात आहे. डिजिटल चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. कापडावरील छपाईसाठी एका इंचात साधारण १५० ठिपके असले तर चालते. ३०० असले तर उत्तमच. नक्षीची फरशी कापडावर आठ इंचांची हवी असेल, तर ती १२०० ठिपके रुंद असायला हवी. फुकट मिळणाऱ्या चित्रांची रुंदी पुष्कळदा ६०० ठिपक्यांच्या आसपासच असते. म्हणजे ते चार इंचांपर्यंतच चांगले छापले जाईल. ते ताणून आठ इंच केले, तर फुलाच्या पाकळ्यांना कडा उरणार नाहीत.

प्रमाणाची दुसरी चूक याहून महागात पडते. चाळीस इंच लांबीचा कुर्ता पडद्यावर २००० ठिपके उंच काढला, तर एका इंचाला ५० ठिपके आले. मग आठ इंचांची नक्षी या चित्रात ४०० ठिपक्यांची दिसायला हवी. १२०० ठिपक्यांची फरशी तशीच पसरली, तर चित्रातले फूल प्रत्यक्षापेक्षा तिप्पट मोठे दिसेल. चित्रावर खूश होऊन कापड छापून घ्यायचे आणि घरी आल्यावर ते बारीक बुट्ट्यांचे निघायचे, हा अनुभव टाळायचा असेल तर हा एक हिशेब आधी करावा.

कुर्ता पडद्यावर शिवताना प्रत्येक भागाला स्वतंत्र थर द्यावा, म्हणजे पुढचा भाग, पाठ, दोन्ही बाह्या, गळ्याची पट्टी असे वेगवेगळे. बाहीचा थर बाहीच्या दिशेने फिरवला, तरच नक्षी खरी वाटते. सगळ्या कुर्त्यावर एकच नक्षी सपाट ओतली की तो कुर्ता कागदाचा कापल्यासारखा दिसतो. चुण्या आणि सावल्या काढलेला थर नक्षीच्या वर ठेवून त्याला ‘मल्टिप्लाय’ हा प्रकार लावला, तर सावली नक्षीत झिरपते आणि कापडाला अंग आल्यासारखे वाटते.

इथे संगणकापेक्षा शिंप्याची अक्कल अधिक कामाला येते. कुठलीही नक्षी निवडताना तिला वर-खाली आहे का, हे आधी पाहावे. पसरलेल्या बुट्ट्यांना दिशा नसते, पण मोराला, हत्तीला, कुंडीतल्या रोपाला असते. कापड वाचवण्यासाठी शिंपी कुर्त्याचा पुढचा आणि मागचा भाग उलटसुलट बेततो. नक्षीला दिशा असेल तर पाठीवरचे मोर डोक्यावर उभे राहतात! तसे होऊ द्यायचे नसेल तर कापड जास्त लागते आणि ते किती लागेल, हे पडद्यावरच मांडून पाहता येते. मोठ्या फुलांच्या बाबतीत ते फूल अंगावर नेमके कुठे येणार, हे पाहून घेतलेले बरे. पट्ट्यांचे कापड उरेब बेतले तर बाजूच्या शिवणीवर पट्ट्यांचे बाण तयार होतात. ते वर जाणारे हवेत की खाली, हेही कात्री लावण्याआधी ठरवता येते. शिवणीच्या मायेत नक्षीचा इंचभर भाग गडप होतो, तेवढा हिशेबात धरावा. संगणक स्वतःहून तो धरत नाही.

संग्रहालयांनी उघडलेली कपाटे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चांगली आणि खरोखर फुकट नक्षी कुठे मिळते?

सर्वांत भरवशाची जागा म्हणजे जगातली मोठी संग्रहालये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ७ फेब्रुवारी २०१७ रोजी आपल्या संग्रहातल्या ३ लाख ७५ हजारांहून अधिक प्रतिमा कुणालाही, कुठल्याही कामासाठी, परवानगी न मागता वापरण्यास खुल्या केल्या. व्यापारासाठी वापरल्या तरी हरकत नाही. त्यांत रेशमी वस्त्रे आहेत, भरतकाम आहे, कोरोमंडल किनाऱ्यावर रंगवलेल्या सुती कापडांचे नमुनेही आहेत. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने २०२० च्या फेब्रुवारीत अशाच २८ लाख प्रतिमा खुल्या केल्या. तिच्याच छत्राखालच्या न्यूयॉर्कमधील कूपर ह्युइट संग्रहालयात कापड आणि भिंतीवरच्या कागदांच्या नक्षीचा मोठा साठा आहे. संग्रहालयातली प्रत्येक वस्तू मात्र यात येत नाही. हयात किंवा अलीकडच्या कलावंतांच्या कामावर हक्क राखलेले असतात. म्हणून चित्राखालची खूण वाचूनच ते उतरवून घ्यावे.

ज्या कलावंतांचे हक्क काळानेच संपले आहेत, त्यांच्या नक्ष्याही सर्वांच्या झाल्या आहेत. भारतीय कायद्याने लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या कृतीवर हक्क राहतो. इंग्लंडचा विल्यम मॉरिस १८९६ साली वारला. त्यामुळे त्याची १८८३ मधली ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांची प्रसिद्ध नक्षी आज कुणीही छापू शकतो. मॉरिस ती निळीत बुडवलेल्या कापडाचा रंग जागोजागी काढून छापीत असे आणि त्या खटाटोपाला कित्येक दिवस लागत. ओवेन जोन्सचा १८५६ मधला नक्षीशास्त्राचा ग्रंथ ‘द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’ हाही असाच मोकळा झालेला खजिना. भारतीय नक्षीवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे.

बाकीच्या संकेतस्थळांवर ‘मोफत’ या एका शब्दाचे तीन-चार अर्थ असतात. काही नक्ष्या फक्त घरगुती वापरासाठी असतात. स्वतःच्या लेकीचा फ्रॉक शिवा, विकू नका, असा त्याचा अर्थ. काही विकायलाही चालतात, पण रचणाऱ्याचे नाव द्यावे लागते. काहींवरचा हक्क रचणाऱ्याने पूर्णपणे सोडून दिलेला असतो, त्यांवर ‘सीसी झिरो’ अशी खूण असते. काही ठिकाणी कपडा विकता येतो, पण नक्षीची फाइल पुढे वाटता येत नाही. बारीक अक्षरांतली ही अट वाचायचा कंटाळा बहुतेकांना असतो. निदान ती अट असलेल्या पानाचे चित्र काढून नक्षीच्या फाइलसोबत जपून ठेवले, तर पुढेमागे वाद झाल्यास हातात काही राहते. आणखी एक काळजी म्हणजे नक्षी नेहमी पीएनजी किंवा जेपीजी अशा चित्राच्या फाइलमध्येच घ्यावी. ‘आधी हा प्रोग्रॅम बसवा’ असे सांगणाऱ्या जागेपासून दूरच राहावे.

नकलेचा जुना इतिहास

इथपर्यंतची गोष्ट कायद्याची झाली. पण ज्या नक्षीला कुणी एक रचणारा नाही, गावचे गाव आणि पिढ्यान् पिढ्या जिच्या मागे आहेत, ती कुणाची?

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन या इंग्रज अधिकाऱ्याने भारतीय कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून प्रसिद्ध केले. अशा वीस संचांपैकी तेरा ब्रिटनमध्ये राहिले आणि सात भारतात आले. हेतू लपवलेला नव्हता. भारतातल्या माणसांना कसले कापड लागते, साडीचा काठ किती रुंद असतो, पागोट्याचा पन्हा किती, हे इंग्लंडच्या कारखानदारांना घरबसल्या कळावे आणि त्यांनी तसे कापड काढून इथे विकावे! आजच्या भाषेत बोलायचे तर तो नक्ष्यांचा फुकट साठाच होता. फक्त ज्यांच्या नक्ष्या होत्या, त्यांना कुणी विचारले नव्हते.

आपल्या कोयरीची गोष्टही वेगळी नाही. काश्मिरी शालीवरची ही नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोहोचली आणि तिथल्या बायकांना तिने वेड लावले. मग स्कॉटलंडच्या पेझली गावात तशाच शाली मागांवर विणल्या जाऊ लागल्या, किमतीने कितीतरी कमी. काश्मीरच्या विणकराच्या हातचे काम त्या किमतीशी झगडू शकले नाही. आज जगभर ती नक्षी ‘पेझली’ या नावानेच ओळखली जाते. मोफत नक्ष्यांच्या साठ्यात कोयरी शोधायची असेल, तरी हेच नाव टाकावे लागते.

अलीकडचे उदाहरण २०२१ च्या ऑगस्टमधले. डिझायनर सब्यसाची मुखर्जी आणि ‘एच अँड एम’ या परदेशी कंपनीने मिळून काढलेले कपडे हातोहात खपले. त्यांवरची काही नक्षी सांगानेरी ठशांची आठवण करून देणारी होती, पण छपाई यंत्रावरची. हस्तकलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी खुले पत्र लिहून विचारले की, यातून ठसे मारणाऱ्या कारागिरांच्या हाती काय पडले? भारतीय नक्षी जगातल्या सामान्य गिऱ्हाइकापर्यंत न्यायची होती, अशी डिझायनरची बाजू होती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण छपाईचे यंत्र एका दिवसात जेवढे कापड काढते, तेवढे काढायला ठशावाल्याच्या कुटुंबाला किती दिवस लागतील, हे लक्षात घेतले की पारडे कुठे झुकते ते दिसते.

महाराष्ट्रात हाच प्रश्न पैठणीच्या रूपाने उभा आहे. येवला आणि पैठणचा विणकर पदरावरचा मोर रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या हाताने फिरवून विणतो. एका भरगच्च साडीला कित्येक महिने लागतात. तोच मोर आज चित्राच्या फाइलमध्ये मिळतो आणि पॉलिस्टरवर छापून काही शे रुपयांत विकला जातो. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे. मात्र १९९९ च्या कायद्याने मिळणारे हे संरक्षण मुख्यतः नावाचे आहे. मोर छापायला बंदी नाही. तो छापून ‘पैठणी’ म्हणून विकणे चूक आहे. दुकानदार मधला मार्ग काढतात आणि ‘पैठणी प्रिंट’, ‘सेमी पैठणी’ अशी नावे देतात. हौसेने घेणाऱ्याला फसवायचे नसेल, तर निदान ‘छापील’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे? घेणाऱ्याने साडी उलटून पाहावी, हे उत्तम. हातमागाच्या अस्सल पैठणीचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. छापलेला मोर मागून फिकट असतो, आणि मागे धाग्यांचे तरंग दिसले तर ती यंत्रमागावरची.

कापडावर उतरताना

डिजिटल छपाईचे कारखाने सुरतेत मोठ्या संख्येने आहेत. पॉलिस्टरवर छापताना नक्षी आधी कागदावर उमटवतात आणि मग सुमारे २०० अंश उष्णतेखाली कापडावर दाबतात. रंगाची वाफ होऊन ती धाग्यात शिरते, म्हणून तो रंग पक्का असतो. सुती कापडाला ही पद्धत चालत नाही. त्यासाठी वेगळ्या शाई लागतात आणि छपाईनंतर कापड वाफवून धुवावे लागते. साहजिकच खर्च वाढतो. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे रंग कापडावर थोडे मंद येतात, त्याला इलाज नाही. म्हणून पुरे थान छापायला देण्याआधी वीतभर नमुना छापून घ्यावा, दोनदा धुवावा, उन्हात वाळवावा आणि मगच पैसे मोजावेत.

आणि इतके करूनही मनासारखी नक्षी सापडली नाही, तर घरातली जुनी ट्रंक उघडावी. आजीचे इरकली लुगडे, खणाची चोळी, विरत चाललेली गोधडी, रांगोळीच्या ठिपक्यांची वही, रुमालावरचा कशिदा. या नक्ष्या कुठल्याच संकेतस्थळावर नसतात आणि कापड विरले की त्या जातात. कापड खिडकीजवळ सपाट पसरावे. ऊन थेट पडू देऊ नये. कडेला फूटपट्टी ठेवावी, म्हणजे माप कळते. फोटो तिरपा नव्हे, अगदी वरून घ्यावा. काठाचा एक पूर्ण आवर्त चित्रात आला पाहिजे, म्हणजे पहिल्या कोयरीपासून पुन्हा तीच कोयरी येईपर्यंत. मग ‘ऑफसेट’ची परीक्षा घेऊन फरशी तयार करावी. फाइलला ‘नक्षी १’, ‘नक्षी २’ अशी नावे देऊ नयेत. लुगडे कुणाचे, कुठल्या गावी घेतले, कुठल्या लग्नातले, हे सांगणारे कुणी घरात अजून असेल, तर त्यांना विचारून तेच नाव द्यावे.